हाताने रंगवलेल्या सदऱ्याची कुळकथा

दिवाळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे पार्ले, मुलुंड, बोरिवली, घाटकोपर इथल्या सभागृहांत प्रदर्शने भरतात. चकली-चिवड्याची पाकिटे, उटणे, पणत्या, कंदील यांच्या रांगेत एखादे टेबल हमखास सदऱ्यांचे आणि कुर्त्यांचे असते. एकाच्या छातीवर तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली वारली माणसे, दुसऱ्याच्या बाहीवर मोडीची अक्षरे, तिसऱ्याच्या पाठीवर मधुबनीचा मासा. गिऱ्हाईक कापड चाचपते आणि विचारते, “ताई, प्रिंट आहे की हाताने केलंय?” विकणारी बाई सदरा उलटा करून आतली बाजू दाखवते. काम तिच्याच हातचे असते. मग किंमत विचारली जाते, आणि ती ऐकून बहुतेकदा घासाघीस सुरू होते.

या सदऱ्याला तीन घराण्यांचा वारसा आहे. घरातल्या बाईचे भरतकाम हे पहिले, रंगाऱ्याची विद्या हे दुसरे आणि भिंतीवरचे चित्र हे तिसरे. तिन्ही वाटा विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईच्या उपनगरांत एकत्र आल्या. त्यांचा माग काढला की टेबलापाशी होणाऱ्या त्या घासाघिशीचे मूळही सापडते.

झबले आणि रुखवत

मराठी घरात हाताने सजवलेला पहिला सदरा म्हणजे तान्ह्या बाळाचे झबले. जुन्या मऊ धोतराचे किंवा मलमलीचे झबले शिवायचे, गळ्याशी साखळी टाक्याची वेल आणि छातीवर दोन फुले काढायची. कुंची आणि दुपट्यालाही तसाच हात लागे. हे काम आजी, मावशी, आत्या यांनी करायचे, आणि ते विकत मागण्याची कल्पनाही कुणाच्या मनात येत नसे.

या कलेचे जाहीर प्रदर्शन मांडण्याचा एकच प्रसंग होता, तो म्हणजे रुखवत. लग्नात मुलीच्या हातचे रुमाल, उशांचे अभ्रे, मण्यांची तोरणे, भरलेली चित्रे मांडली जात. वरपक्षाच्या बायका ती उलटसुलट करून पाहत. मागच्या बाजूला दोऱ्यांचे जंजाळ दिसले नाही तर मुलगी सुगरण ठरे. परीक्षा कडक होती, पण मोबदला फक्त कौतुकाचा. एकेका चादरीमागे महिने गेलेले असत आणि ते महिने कुणी मोजत नसे. ही सवय पुढे फार लांबवर चालत आली.

हाताच्या कामातून पोट भरता येईल, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ धरू लागला, आणि तो आणला विधवांच्या प्रश्नाने. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. धोंडो केशव कर्वे यांचा आश्रम १८९६ चा. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले. शिवण आणि भरतकाम या संस्थांत जगण्याचे साधन म्हणून शिकवले गेले. घरात जे कौतुकाचे होते, त्याला इथे पहिल्यांदा उद्योगाची प्रतिष्ठा मिळाली.

ती सगळीकडे टिकली नाही. शिवणयंत्र मध्यमवर्गाच्या घरात आले, बायकांच्या मासिकांतून टाक्यांचे नमुने छापून येऊ लागले, शाळेत मुलींना शिवणाचा तास आला, आणि सुस्थितीतल्या घरांत भरतकाम पुन्हा ‘फावल्या वेळचा छंद’ होऊन बसले. ज्या बाईला सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत उसंत नसे, तिच्या कामालाही फावल्या वेळचे म्हटले जाई.

रंगाऱ्याकडून बाटलीत

टाका घरात होता, पण रंग घरात नव्हता. कापडावर टिकणारा रंग चढवणे हे या देशातले फार जुने आणि फार अवघड शास्त्र. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती तुकडा मंजिष्ठेच्या जातीच्या रंगाने रंगवलेला होता. अजिंठ्याच्या पहिल्या आणि सतराव्या लेण्यातल्या माणसांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची, ठिपक्यांची, नक्षीची वस्त्रे आजही ओळखू येतात. कोरोमंडल किनाऱ्यावरची हाताने रंगवलेली छिटे सतराव्या शतकात युरोपात इतकी खपली, की तिथल्या विणकरांचे धंदे वाचवण्यासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली आणि इंग्लंडने १७०० व १७२१ मध्ये कायदे केले.

या कलेत रंग सुताशी रासायनिक नाते जोडतो. कलमकारीचे कापड हिरड्याच्या पाण्यातून आणि दुधातून काढायचे, तुरटीने रेघ ओढायची, मंजिष्ठेत उकळायचे, धुवायचे, उन्हात घालायचे आणि प्रत्येक रंगासाठी हा क्रम पुन्हा करायचा. त्याला भट्टी, हौद, वाहते पाणी आणि पिढ्यांचा अंदाज लागतो. म्हणूनच महाराष्ट्रात हे काम रंगारी, भावसार, निराळी अशा समाजांकडे राहिले. निळीचे पिंप स्वयंपाकघरात ठेवण्यासारखे नसतेच.

१८५६ मध्ये विल्यम पर्किनने लंडनमध्ये कृत्रिम जांभळा रंग बनवला. १८६८-६९ मध्ये मंजिष्ठेचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि १८९७ मध्ये जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली. इकडे कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली होती, आणि १८७९ मध्ये नौरोजी वाडियांनी सूत रंगवण्याच्या लहानशा कामातून बॉम्बे डाइंग सुरू केली. रंग गिरणीच्या आवारात गेला आणि गावोगावच्या रंगाऱ्याचा हौद कोरडा पडला.

तो रंग घरात शिरला एका वेगळ्या रसायनाच्या आधाराने. रंगद्रव्य सुतात मुरवण्याऐवजी चिकट राळेत मिसळून धाग्यावर बसवायचे आणि उष्णता देऊन ती पातळ कातडी पक्की करायची, ही रंगद्रव्य-छपाईची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यावर गिरण्यांत रुळली. तिला भट्टी लागत नाही, उकळते पाणी लागत नाही. कारखान्यात जी उष्णता यंत्र देते, ती घरात इस्त्री देऊ शकते.

या बदलाचा पत्ता अंधेरीचा आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये भावाबरोबर शाईच्या पुडीचा आणि गोळ्यांचा उद्योग सुरू केला. तोच पुढे कॅम्लिन झाला. अंधेरीच्या जे. बी. नगरातून या कंपनीचा उंटछाप कंपास आणि रंगपेटी मराठी मुलांच्या दप्तरात पोचली, आणि कापडाचे रंगही याच घराण्यातून आले. बळवंतराय पारेख यांच्या व्यवसायाची सुरुवात कापडछपाईला लागणाऱ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून झाली. १९५९ मध्ये फेविकॉल आले आणि साठच्या दशकात अंधेरी पूर्वेला कोंडिविट्याला कारखाना उभा राहिला. याच पिडिलाइटने पुढे फेविक्रिलच्या छोट्या बाटल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात पोचवल्या. गिरणीला लागणारे ज्ञान उपनगरातल्या बाईच्या हाताशी अंगठ्याएवढ्या बाटलीत आले, ते असे.

भिंतीवरून कापडावर

टाका आला, रंग आला. काढायचे काय, हा प्रश्न उरला. पाश्चात्त्य पुस्तकांतले गुलाब आणि टोपलीतली मांजरे यांची जागा वारली आणि मधुबनीने घेतली, त्यामागे एका मराठी चित्रकाराची पायपीट आहे.

भास्कर कुलकर्णी हे मुंबईच्या कलावर्तुळातले चित्रकार. १९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात, पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय हस्तकला मंडळाने त्यांना मिथिलेत, म्हणजे मधुबनीच्या मुलखात, पाठवले. तिथल्या बायका लग्नाच्या खोलीच्या भिंतींवर जे काढत, ते त्यांनी कागदावर काढावे आणि त्याचे पैसे त्यांना मिळावेत, असा तो प्रयत्न होता. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. एवढ्या साध्या बदलाने दुष्काळात होरपळलेल्या घरांना आधार मिळाला आणि मधुबनीच्या बायकांची नावे जगाला कळली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी डहाणू भागातल्या वारली पाड्यांवर आले. तिथे लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक आणि लग्नचौक लिहीत. मधोमध पालघट देवी असे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी या विधीच्या चौकटीबाहेर रोज चित्रे काढायला घेतली. मासेमारी, भातलावणी, मुंग्यांचे वारूळ, फेराचा नाच असे सगळे जगणे त्यांच्या बांबूच्या काडीतून उतरले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रे लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

वारली चित्र सदऱ्यासाठी घडवल्यासारखे ठरले. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस होतो, पांढऱ्या एकाच रंगात काम होते, आणि मातकट कापड गेरूच्या भिंतीसारखेच दिसते. बाटिक शिकायला मेण तापवावे लागते. त्या कलेला रवींद्रनाथांच्या १९२७ च्या जावा-प्रवासानंतर शांतिनिकेतनात मान मिळाला होता आणि झब्ब्या-शबनमच्या पिढीत ती महाराष्ट्रातही लोकप्रिय झाली. वारलीला पातळ कुंचला आणि स्थिर हात पुरतो.

या सोपेपणात एक अन्यायही दडला. वारली पाडे दूर कुठे नाहीत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि गोरेगावच्या आरे परिसरात ते आजही आहेत. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावते. तरी शहरातल्या अनेक हातांनी वारली चित्र छापील नमुन्यावरून उचलले. पाड्यावरच्या माणसाकडून शिकून घेणे थोड्यांनाच सुचले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ही कला कुणाची हे कायद्याने नोंदवले गेले. जिच्या स्वतःच्या कामाला ‘फावल्या वेळचे’ म्हणून श्रेय नाकारले जाते, तिने दुसऱ्याचे श्रेय तरी सदऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलेच पाहिजे.

एक खोली, एक स्वयंपाकघर

उपनगरांची घडण या धंद्याला पोषक होती. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. गिरगाव-परळच्या चाळींतली कुटुंबे सोसायट्यांतल्या एका खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या घरात आली. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप आणि गोराई इथे लहान भूखंडांच्या वसाहती वसल्या. नवरा आठ बावीसच्या लोकलने फोर्टात जाई. बाईला चर्चगेटची नोकरी झेपत नसे, पण हप्ते मात्र दोघांच्या मिळकतीवर बेतलेले असत. दुपारी एक ते चार हा तिच्या हातातला वेळ होता.

त्या वेळात शेजारच्या इमारतीत क्लास चाले. फॅब्रिक पेंटिंग, निब पेंटिंग, बांधणी, काचकाम, रुखवताच्या वस्तू. रंग बनवणाऱ्या कंपन्यांनीही अशा शिक्षिकांना हाताशी धरले, कारण एक शिक्षिका म्हणजे बाटल्यांची कायमची गिऱ्हाइके. क्लासमध्ये मिळे ते ज्ञान नेमके असे. कोरे कापड आधी धुऊन खळ काढायची, नाहीतर रंग वरच्या वर राहतो. सदऱ्याच्या आत पुठ्ठा घालायचा, म्हणजे रंग पाठीवर उतरत नाही. नक्षी उतरवायला पिवळा कार्बन किंवा खाका. खाका म्हणजे टाचणीने टोचलेला बटर पेपर, ज्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली झिंकची पूड बोळ्याने फिरवायची. कापड रिंगमध्ये ताणायचे, रंगात पाणी जपून घालायचे, पूर्ण वाळू द्यायचे, आणि मग उलट बाजूने इस्त्री. ही इस्त्री घाईत उरकली की पहिल्याच धुण्यात नक्षी सोलून निघते आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि असंख्य घरांची पगाराची तारीख कायमची गेली. गिरणगावातल्या बायकांनी खानावळी चालवल्या, पोळ्या लाटल्या, फॉल-बिडिंग केले, कपड्यांवर टिकल्या लावल्या. कापडाचे शहर म्हणून मिरवणाऱ्या मुंबईत कापडावरचे काम आता कारखान्यातून घरात परतले, पण पगार, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी मागेच राहिले.

इथे या कुळात एक सख्खी बहीण आहे, जिची आठवण प्रदर्शनात होत नाही. गोवंडी, कुर्ला, साकीनाका, धारावी इथल्या वस्त्यांत बायका तयार कपड्यांवर खडे चिकटवतात, टिकल्या टाचतात, दोरे कापतात. मध्यस्थ माल टाकून जातो, नगावर दर ठरतो, आणि दुकानात तोच कपडा कितीतरी पटीने विकला जातो. अंधेरीची बाई आणि गोवंडीची बाई एकच काम करतात. एकीला कलाकार म्हणतात आणि दुसरीला काहीच म्हणत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ मध्ये गृहाधारित कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, त्यात घरात काम करणाऱ्यांना इतर मजुरांइतकेच हक्क मानले आहेत. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

पापड जुळले, सदरे का जुळले नाहीत?

घरगुती कामाची संघटना होऊ शकते, हे याच शहरात सिद्ध झाले आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभे राहिले. तिथे पीठ मोजून मिळते, पापड मोजून घेतले जातात, मजुरी ठरलेली असते. पापड एकसारखा असतो, म्हणून त्याचा दर एकत्र बसून ठरवता येतो.

रंगवलेला सदरा प्रत्येक वेगळा. त्यामुळे प्रत्येक बाई स्वतःच कारागीर, स्वतःच विक्रेती आणि भावाच्या बाबतीत एकटी. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने शंभर रुपये कमी केले की तिलाही करावे लागतात. बचतगटांनी, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि उपनगरांतल्या मंडळांनी भरवलेल्या प्रदर्शनांनी तिला जागा दिली. पण दर ठरवण्याची सवय कुणी लावली नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाइलने बाजार मोठा केला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी गटागटाने सदरे मागवले जातात. या यात्रांची सुरुवात १९९९ मध्ये डोंबिवलीत झाली आणि पुढे पार्ले-मुलुंडपर्यंत त्या पसरल्या. आषाढीला विठ्ठल, शिवजयंतीला राजमुद्रा, मराठी भाषा दिनाला अक्षरे. अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकारांनी मोडी आणि देवनागरीकडे चित्र म्हणून पाहायला शिकवले, त्याचा परिणाम या सदऱ्यांवर स्पष्ट दिसतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय, राज्याच्या हद्दीत, ऑनलाइन मंचांवरून माल विकता येतो. ही घरगुती उद्योगासाठी खरी सोय आहे.

त्याच बाजारात डीटीएफ छपाईचे यंत्रही आले. ते वारलीचा फेर फिल्मवर छापून काही मिनिटांत कापडावर दाबते. ओळखायचे असेल तर नक्षीवरून बोट फिरवावे, छापील थर सगळीकडे सारख्याच जाडीचा आणि गुळगुळीत लागतो. हाताच्या कामात रेघ सुरू होते तिथे जाड आणि उचलते तिथे बारीक असते, दोन माणसे कधी तंतोतंत सारखी येत नाहीत, आणि उलट बाजूला रंगाची पुसट खूण दिसते.

तासांचा हिशेब

आता टेबलापाशी होणाऱ्या घासाघिशीकडे. समजा, कोरा सुती कुर्ता ४०० रुपयांना आणला. रंग आणि कुंचल्याची झीज ५०, पिशवी-इस्त्री ३०, टेबलाच्या भाड्याचा वाटा ७०. कुर्ता ९०० ला विकला. उरले ३५०. रंगवायला सहा तास लागले असतील तर तासाला अठ्ठावन्न रुपये पडले. मंगलदास मार्केटला किंवा मालाडच्या नटराज मार्केटला मारलेली फेरी, नक्षी आखण्याची संध्याकाळ, प्रदर्शनात दिवसभर उभे राहणे हे अजून धरलेलेच नाही. गिऱ्हाइकाने दोनशे कमी करून मागितले, तर ते कापडवाल्याच्या किंवा रंगवाल्याच्या खिशातून जात नाहीत. ते पूर्ण तिच्या तासांतून जातात.

रुखवतातल्या चादरीचे महिने कुणी मोजले नव्हते, आणि मासिकांच्या काळात ते काम फावल्या वेळात ढकलले गेले. वस्तीतल्या बाईचा दर मध्यस्थाने ठरवला. प्रत्येक वळणावर कापड मोजले गेले, रंग मोजला गेला, तास मात्र मोजले गेले नाहीत. घासाघीस करणारे गिऱ्हाईक वाईट माणूस नसते. त्याने आणि आपण सगळ्यांनी आजीचे झबले फुकट घालून ही सवय लावून घेतली आहे.

ती मोडायला विकणाऱ्या बाईनेच सुरुवात करावी लागेल, आणि एकटीने नाही. एका उपनगरातल्या दहा-बारा जणींनी बसून तासाचा एक किमान दर ठरवावा आणि त्याखाली कुणीही उतरू नये. प्रत्येक सदऱ्याला चिठ्ठी असावी: रंगवणारीचे नाव, लागलेले तास, नक्षी कोणत्या परंपरेची. जमेल तेव्हा डहाणूच्या किंवा आरेतल्या कलाकाराला क्लासला बोलावून त्याला शिक्षकाचे मानधन द्यावे. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळांनी टेबलाचे भाडे घेताना वस्तीतल्या टिकलीकाम करणाऱ्या बायकांसाठीही एक टेबल राखून ठेवावे, म्हणजे मध्यस्थाशिवाय आपल्या कामाला काय भाव येतो हे त्यांना स्वतः पाहता येईल.

आपण घेणाऱ्यांनी एवढेच करायचे: किंमत विचारण्याआधी किती तास लागले ते विचारायचे, आणि उत्तर ऐकल्यावर भाव पाडायचा नाही.